रसाचा गुडघा, ताकाचं कोपर

माझा मामा जेवायला बसला की आधी ताट तिरपं करायचा.

दोन्ही हातांनी ताट उचलायचं, एक बाजू चार बोटं वर धरायची आणि बघत राहायचं. वरण पळत काठाला आलं, कढी भाकरीखाली शिरली, की ताट खाली ठेवून वाढणाऱ्याला म्हणायचा, "हे वाहून राहिलं. काढा." पिठलं, ठेचा, शेंगदाण्याची चटणी जागच्या जागी बसून राहिली की गडी खूश. मग जेवायचा, आणि भरपूर जेवायचा. लग्न असो, बारसं असो, तेराव्याचं जेवण असो, ताट तिरपं केल्याशिवाय घास नाही. एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाहुण्याच्या नव्या धोतरावर कढी सांडली. पाहुणा ताडकन उभा राहिला. मामा बसल्या बसल्या त्यालाच म्हणाला, "बघितलं? थांबतच न्हाई ती. आन् असली वस्तू पोटात घालता तुमी."

"वाहतं ते वाहवतं, थिजतं ते थांबवतं." हे त्याचं वाक्य. बकऱ्यांच्या बाजारात, जीपमध्ये, कुणी ओळख विचारली तर नावाच्या आधी तो हे वाक्य सांगायचा.

मामाचं रक्त थांबत नव्हतं. साधं खरचटलं तरी दिवसभर पाझरायचं. पण बाहेर दिसणाऱ्यापेक्षा आतलं वाईट होतं. न पडता, न धडकता गुडघा भरून यायचा, तांब्यासारखा गोल आणि गरम व्हायचा, आणि कितीतरी दिवस उतरायचा नाही. असं वर्षानुवर्षं होऊन त्याचा उजवा गुडघा कायमचा आखडला होता आणि डावं कोपर सरळ होत नव्हतं. गावात या सगळ्याला एकच बोल होता, "त्याचं रक्त पातळ हाय." आता रक्त पातळ म्हटल्यावर घट्ट खावं, हे कुणालाही सुचेल. मामाला ते जरा जास्तच सुचलं होतं.

सांध्यांना त्यानं नावंसुद्धा दिली होती. गुडघ्यावर थाप मारून सांगायचा, "हा रसाचा गुडघा." लहानपणी औंढ्याच्या जत्रेत तो पोट फुगेपर्यंत उसाचा रस प्याला आणि त्यामुळं हा गुडघा गेला, अशी ती गोष्ट होती. मग कोपर पुढं करायचा. "आन् हे ताकाचं कोपर." ताकाची गोष्ट छोटी होती. उन्हाळा होता, तहान लागली होती, प्याला, कोपर गेलं. आम्ही भाचरं त्याच्याभोवती बसून विचारायचो, "मामा, आन् कान कशाचा?" तो कान चाचपून म्हणायचा, "कान चांगला हाय. कानात काय वतलं न्हाई मी."

त्याचं घर मेंढ्या-बकऱ्यांचं, सिद्धेश्वर धरणाच्या पलीकडच्या अंगाला. लोकर कातरायचे दिवस आले की घरातल्या प्रत्येक गड्याच्या हातात कातर असायची, पण मामाच्या हातात आजीनं कधी कातर दिली नाही. विळासुद्धा दिला नाही. मग त्याच्या वाट्याला तोंडाचं काम आलं, बकऱ्यांचे सौदे करायचं. त्यात तो पटाईत होता. बकरीच्या पाठीवर हात फिरवून तिच्या आईचं दूध कसं होतं ते सांगायचा, आणि समोरचा विश्वास ठेवायचा.

बाजारच्या दिवशी सौदे उरकले की मामा खाटकाकडं जायचा. बकरं कापलं की त्याचं रक्त थाळीत धरतात, त्यात मीठ टाकून ठेवतात. थोड्या वेळात ते दह्यासारखं बसतं. त्याचे तुकडे उकडून कांदा-तिखटात परततात, त्याला आमच्याकडं रक्ती म्हणतात. गरिबाचं मटण आहे ते, पण मामासाठी ते औषध होतं. सगळ्या थाळ्या तो एकेक करून तिरप्या करायचा. जी सगळ्यात आधी बसली ती त्याची.

खाटीक वैतागायचा. "मामा, तुमी रक्ती घ्यायला आलात का सोयरीक जमवायला?"

"खानदान तर बघू दे की. ज्याचं थिजंना त्याचं आमाला नगं. तसलं एक हाय आमच्या घरात आधीच."

सगळे हसायचे. तोही हसायचा. 'आमच्या घरात' या शब्दावर त्यानं कधी जोर दिला नाही, त्यामुळं आम्हीही तिकडं लक्ष दिलं नाही.

इथं माझं थोडं सांगते. माझ्या आईच्या आणि बापाच्या अशा दोन्ही घरांत मिळून कॉलेज पुरं केलेली मी पहिली. आमच्या हट्टा गावाहून येऊन हिंगोलीत वसतिगृहात राहिले आणि जीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. हे मी आपणहून सांगते, कारण आमच्यासारख्यांना कुणी आपणहून विचारत नाही. दुसऱ्या वर्षाला आनुवंशिकतेचा धडा आला. त्यात कुठल्यातरी परदेशी राणीच्या घराण्याची वंशावळ होती. आजार आईकडून येतो, बहुतेक पोरांना होतो, पोरी तो पुढं नेतात, असं बाणांनी दाखवलं होतं. त्या राणीच्या नातवंडांचे गुडघे सुजत होते. मी वर्गात बसल्या जागी हसले. राणीच्या महालात आणि धरणापलीकडच्या मेंढरांच्या वाड्यात एकच दुखणं!

सुट्टीत मामाकडं गेले तेव्हा मी त्याला अंगणात काडीनं ती वंशावळ काढून दाखवली. "मामा, हे खाण्याचं नाही. हे रक्तातून येतं. आजीकडून तुला आलं. आईकडं असू शकतं, माझ्याकडं असू शकतं."

मामानं वाकून त्या रेघा बघितल्या. मग विचारलं, "पुस्तक लिहिणाऱ्याचा गुडघा सुजतो का?"

"मला काय माहीत?"

"मंग त्याला बी काय माहीत?" असं म्हणून त्यानं आखडलेला पाय लांब केला आणि चपलेनं सगळ्या रेघा पुसल्या. पुसून झाल्यावर आवाज खाली आणून म्हणाला, "माय, हे इथं बोललीस ते बोललीस. तुझी सोयरीक व्हायचीय. तुझ्या धाकट्या बहिनीची व्हायचीय. पाव्हण्यांपुढं असलं पुस्तक उघडू नको."

मी गोंधळले. पुस्तक खोटं असेल तर भ्यायचं काय कारण? आणि खरं असेल तर ताट कशाला तिरपं करायचं?

गोंधळात भर पडावी असं तो दुसरंही काही करायचा. मी वसतिगृहात असताना मला पाळी फार जायची. इतकी की दोन-दोन दिवस वर्गात जाता यायचं नाही. हे आईनं त्याला सांगितलं असेल का, माहीत नाही. पण मामा महिन्या-दीड महिन्याला हिंगोलीच्या बाजाराला आला की वसतिगृहाच्या फाटकाशी ॲल्युमिनियमचा डबा घेऊन उभा राहायचा. डब्यात रक्ती. खोलीतल्या मुली नाकाला ओढणी लावायच्या. एकीनं विचारलं, "ये क्या है, चॉकलेट बर्फी?" आणि उत्तर ऐकून ती पलंगावर चढून बसली. मी खिडकीत बसून सगळं खायची. माझ्या भावांना, म्हणजे त्याच्याच भाच्यांना, मामानं असा डबा कधी आणला नाही. फक्त मला आणि धाकटीला. आजार खाण्याचा असता, तर आम्ही दोघींनी असं काय वेगळं खाल्लं होतं?

विचारलं तर म्हणाला, "पोरीची जात. थिजलेलं खावं."

मग मला बघायला आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावचे लोक आले. किराणा दुकानवाले, चांगलं घर. मामा लंगडत आला आणि बैठकीत मधोमध बसला. पोहे आले, ते त्यानं तिरपे करून पाहिले आणि पास केले. चहा आला, तो बाजूला ठेवला. माझ्या होणाऱ्या सासूबाईंचं बारीक लक्ष होतं. त्यांनी सरळ विचारलं, "मामांच्या पायाला काय झालं म्हणायचं?"

"रसाचा गुडघा," मामा म्हणाला, आणि औंढ्याची जत्रा सुरू केली. चरकाचा आवाज, बर्फ, लिंबू, पैज लावणारे दोस्त, सगळं. पाव्हणे हसून हसून लोळायचे बाकी होते. शेवटी त्यानं सांगितलं, "तवा आमच्या पोरीला एवढंच जपा, पातळ खाऊ घालू नका. बाकी समदं बराबर हाय." सोयरीक तिथंच पक्की झाली.

मी मात्र गप्प बसणाऱ्यातली नाही. लग्नाआधी नवऱ्याला फोनवर स्पष्ट सांगितलं. मामाला रक्त न थांबायचा आजार आहे, तो आईच्या बाजूनं चालत येतो, माझ्याकडं असू शकतो, आपल्या पोराला होऊ शकतो. तो म्हणाला, "अगं, मामाच तर म्हणाले रसानं झालं." मी म्हटलं, मामाचं सोड, मी सांगते ते ऐक. तो हसला. "तू लई शिकलीस." एका बाजूला माझी डिग्री आणि एका बाजूला मामाची जत्रा, आणि जत्रा जिंकली. चांगली सांगितलेली गोष्ट माणसाला पुस्तकापेक्षा जवळची वाटते, हे मला त्या दिवशी कळलं.

मुलगा झाला. रांगायला लागला तसे त्याच्या अंगावर निळे डाग दिसू लागले. उभा राहताना पडला आणि वरच्या ओठाच्या आत जरासं फाटलं. ते पाझरत राहिलं. दुपट्यावर, उशीवर, माझ्या खांद्यावर, सगळीकडं गुलाबी डाग. हिंगोलीहून आम्हाला नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं तपासणी झाली. हिमोफिलिया.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. मी म्हटलं, "मी बी.एस्सी. आहे. मला नीट सांगा." त्यांनी नीट सांगितलं. रक्त गोठायला शरीरात एकामागून एक बरेच घटक कामाला लागतात. त्यातला एक, आठव्या नंबरचा, या बाळात कमी आहे. तो शरीर स्वतः बनवतं, कुठल्याही भाजीत, मटणात, लाडवात तो मिळत नाही. म्हणून तो सुईनं द्यायचा. सांधा सुजला तर वाट न बघता द्यायचा, नाहीतर सांधा कायमचा जातो.

"म्हणजे खाण्याचा काहीच संबंध नाही?"

"असं कुठं म्हटलं मी?" त्या म्हणाल्या. "रक्त गेलं की अंगातलं लोह जातं. ते भरून काढायला खाणंच लागतं. डाळी, मेथी, अंडी, कलेजी, आणि वर लिंबू पिळा. हाडांसाठी दूध. वजन वाढू देऊ नका, गुडघ्यांवर भार येतो. दुखतंय म्हणून दुकानातली कुठलीही गोळी देऊ नका, काहींनी रक्त आणखी वाहतं. आणि काढे, चूर्ण, हळदीच्या गोळ्या विचारल्याशिवाय नको. स्वयंपाकातली हळद चालेल."

मी चमकले. आमचा सगळा भाग हळदीचा. बोट कापलं की आधी हळद दाबतात. मामा मात्र म्हणायचा, "हळद वरून चालती, आतून न्हाई." आजारपणात कुणी हळदीचं दूध दिलं की तो ते बकरीपुढं ठेवायचा. ही एक गोष्ट त्याला कुठून कळली? की दहा दगड मारल्यावर एक लागतो, तसं?

मग त्यांनी माझंही रक्त तपासलं. माझ्यातही तो घटक कमी होता, बाळाइतका नाही, पण कमी. "तुम्हाला पाळी जास्त जात असणार," त्या म्हणाल्या. मग कागद परत बघितला. "पण हिमोग्लोबिन छान आहे. काय खाता?"

मला हसू येईना आणि रडू येईना. मी म्हटलं, "मामा डबा आणायचा."

खरी तकलीफ घरी आल्यावर सुरू झाली. दवाखान्यातलं सगळं मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोटात असताना तू टरबूज खाल्लं व्हतं का न्हाई?"

खाल्लं होतं. उन्हाळा होता, कोण खात नाही?

"आन् रस?"

रसही प्याले होते. नवऱ्यानंच आणून दिला होता.

"मंग? तुझ्या मामानं भर बैठकीत सांगितलं व्हतं, पातळ खाऊ घालू नका म्हणून. मीच येडी, तुझ्यावर ध्यान ठिवलं न्हाई."

मामाचं वाक्य असं फिरून माझ्याच अंगावर आलं. आमच्या घराण्याला बोल लागू नये म्हणून जे ताटावर ढकललं होतं, ते ताट आता माझ्यासमोर येऊन बसलं. सासूबाईंनी घरात ताक बंद केलं, कढी बंद केली. शेजारणी यायच्या, पोराच्या पायावरचे डाग बघायच्या आणि माझ्याकडं बघून विचारायच्या, "काहून गं, एवढी शिकलेली तू?" शिकलेल्या बाईनं टरबूज खाल्लं, ही गोरेगावात बातमी होती.

पोरगं चालायला लागलं आणि एके सकाळी उठलं ते पाय टेकवेना. उजवा गुडघा. तांब्यासारखा गोल आणि गरम. मी नांदेडची पिशवी भरली. सासूबाई दारात उभ्या राहिल्या. "एवढ्याशा लेकराला परत सुया टोचून आणता? तुझ्या मामानं जल्मात एक सुई घेतली का? जगला ना?" नवरा वाईट माणूस नाही, पण दोन्हीकडं बघणारा आहे. तो म्हणाला, "मामालाच बोलावू. ते सांगतील काय खाऊ घालायचं ते. त्यांना तजुर्बा हाय." मी ओरडले, हातातली पिशवी आपटली, पण फोन लागला होता.

आणखी एक गोष्ट इथं सांगायला पाहिजे, नाहीतर मामानं काय पणाला लावलं ते कळायचं नाही. माझ्या धाकट्या बहिणीची सोयरीक त्याच दिवसांत सासूबाईंच्या भावाच्या मुलाशी चालली होती. बोलणी जवळजवळ झाली होती. मामा त्यात पुढं होता.

तर मामा जीपनं आला. हातात तोच ॲल्युमिनियमचा डबा.

"या पाव्हणे," सासूबाई म्हणाल्या, "तुमचीच वाट बघून राहिलो. सांगा आता, लेकराला काय द्यायचं? वाहतं समदं बंद केलंय मी."

मामा सरळ आत गेला. बाजेवर पोराशेजारी बसला. त्याचा उजवा पाय वाकत नाही, त्यामुळं तो लांब करावा लागतो. पोराचाही उजवा पाय लांबच होता. त्यानं उलटा हात पोराच्या गुडघ्याला लावला. पोरगं किंचाळलं. मामानं चटका बसल्यासारखा हात काढला.

"सुई कवा दिली?"

"दिलीच नाही," मी म्हणाले.

"काहून?"

"आता काहून म्हणता?" सासूबाई म्हणाल्या. "तुमीच तर सांगितलं व्हतं, खाण्याचं हाय म्हणून."

मामानं डबा खाली ठेवला. धोतर वर सारलं. त्याचा तो गुडघा मी जन्मापासून बघत आले होते, पण असा उघडा, पोराच्या गुडघ्याशेजारी, कधी बघितला नव्हता. बाभळीच्या गाठीसारखा, वर-खाली मांडी-पोटरीला मांस नाही.

"बाई, हा हात लावून बघा. भिऊ नका."

"रसाचा," सासूबाई म्हणाल्या.

"रसाचा न्हाई."

नवरा दारातून आत आला.

"त्या जत्रंला मी गेलोच न्हाई," मामा म्हणाला. "गुडघा आधीच सुजला व्हता. समदे जत्रंला गेले, मी असाच बाजंवर. कुनी विचारलं तर रस प्याला म्हणून सांग, असं मायनं सांगितलं. दोन बहिनी उजवायच्या व्हत्या. तवापासून सांगून राहिलो. चरक बी मी बघितला न्हाई त्या दिशी."

मला ती चरकाची, बर्फाची, लिंबाची गोष्ट आठवत होती. माझं अर्धं बालपण त्या जत्रेत गेलं होतं.

"मायच्या भावाचं बी असंच व्हतं. दात काढला, त्यात गेला. हे आमच्या रक्तात हाय. आमच्या पोरीच्या ताटात न्हाई. तिला टरबुजावरून बोलू नका. लेकराला आत्ताच्या आत्ता न्या. न्यायचं नसंल तर माझा पाय नीट बघून ठिवा. घरीच बसवलं तर असा व्हतो."

सासूबाई खाली बसल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं. "म्हणजे तुमच्या धाकटीचं बी…"

मामानं माझ्याकडं बघितलं. मग दाराकडं बघितलं. "असंल, नसंल. तपासल्याबिगर कळत न्हाई." आणि हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं. "ही सांगती. हिनं पुस्तक वाचलंय."

नवरा एकदम जागा झाल्यासारखा पळाला, जीप ठरवायला. मी पिशवी उचलली, पोराला दुपट्यात घेतलं. आता फक्त जीप यायची होती.

सासूबाई रागावल्या होत्या. फसवणूक झाल्याचा राग खोटा नव्हता, तो मलाही मान्य आहे. पण दारात आलेला माणूस उपाशी पाठवायचा नाही हेही त्यांच्या हाडात होतं. त्यांनी ताट वाढलं आणि मामापुढं आदळलं. घाईत सकाळचं वरण वाढलं होतं, चांगलं पातळ.

मामानं ताट दोन्ही हातांनी उचललं आणि तिरपं केलं.

वरण पळत काठाला आलं. त्यानं ताट खाली ठेवलं. "हे काढा."

मला वाटलं मी वेडी होईन. "मामा! आत्ताच तर म्हणालास ना, खाण्याचं नाही म्हणून?"

"कवा म्हणलो? गुडघा रसाचा न्हाई म्हणलो." त्यानं डावं कोपर पुढं केलं, सरळ न होणारं. "हे ताकाचंच हाय. हे मी स्वता प्यालोय."

सासूबाईंच्या तोंडातून हसू फुटलं. आणि हसू आलं म्हणून त्यांना आणखी राग आला. त्यांनी वरण काढून घेतलं आणि कालच्या पिठल्याचा गोळा ठेवला. तेवढ्यात बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

पोराचा गुडघा उतरला. आज तो शाळेत जातो, पळतो, नको तितका पळतो, आणि ठरलेल्या वेळी सुई घेतो. धाकटीच्या त्या सोयरिकीचा विषय पुन्हा निघाला नाही. कुणी नाही म्हणालं नाही, नुसते फोन थांबले. आई बरेच दिवस मामाशी बोलली नाही. धाकटीचं लग्न पुढं झालं, तपासणी करून, सगळं सांगून झालं, पण उशिरा झालं. तोवर मामा हट्ट्याला आला की घरात न येता उंबऱ्याशीच बसायचा. शेवटी धाकटीनंच एकदा त्याला दंड धरून आत आणलं.

एकदा त्याचा दात काढायचा होता. मी हट्टानं त्याला नांदेडला नेलं. आधी सुई दिली, मग दात काढला, रक्त थोड्या वेळात थांबलं. आयुष्यात पहिल्यांदा. त्याच्या मामाचं जे झालं ते त्याचं झालं नाही. मला वाटलं, आता तरी. त्यानं खिशातून कागदात बांधलेला, खाऊन उरलेला खव्याचा तुकडा काढून मला दाखवला. "सकाळी निघताना ह्यातलाच खाल्ला व्हता," तो बोळा धरलेल्या तोंडानं म्हणाला. "बघ, कसं थांबलं."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी खिडकीकडं बघितलं.

मामा गेला तो तापानं गेला, रक्तानं नाही. त्याच्या तेराव्याला पंगतीत घट्ट पिठलं होतं, वरण नव्हतं. हे कुणी ठरवलं, मी विचारलं नाही. सासूबाईही आल्या होत्या.

आता आमच्याकडं सुईचा दिवस असला की त्या मुद्दाम पिठलं करतात, वडी पडेल असं. पोरगं सुई घेऊन येतं, ताटावर बसतं आणि मामाआजोबासारखं ताट तिरपं करतं. त्याला तो खेळ वाटतो. मी त्याला घटक आठ समजावून सांगितला आहे, चित्र काढून. त्याला समजला आहे, मला खात्री आहे. तरी तो ताट तिरपं करतो आणि मी त्याला थांबवत नाही.

परवा दुपारी घरात कुणी नव्हतं. माझे ते चार दिवस होते, अंगात जीव नव्हता. वरण-भात वाढून घेतला, लिंबू पिळलं. मग दोन्ही हातांनी ताट उचललं आणि एक बाजू जरा वर केली. वरण काठाला आलं. मी तशीच ताट धरून बसले.